उलटी बाजू

"पैठणीची पारख उलट्या बाजूनं होते, पोरी. आमच्या दुकानाची वेबसाइटही उलटी करून दाखव," म्हणत विणकर काकांनी माझा लॅपटॉपच पालथा घातला.

मी तो सरळ करून वेबसाइटमागचा कोड उघडला. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या काकांना त्यात काय कळणार?

काकांनी ओळींवरून बोट फिरवलं. "हे धागे लोंबतायत. आणि ह्या तुकड्याची वीण वेगळी आहे. कुठून आणलास?"

तो मी एका मिठाईवाल्याच्या वेबसाइटमधून जसाच्या तसा उचलला होता.

"उसव सगळं," काका म्हणाले.

आठ दिवस खपून मी कोड नव्यानं लिहिला. काकांनी तो निरखला, मान डोलावली आणि चपला पायात सरकवल्या.

"काका, पुढची बाजू नाही बघणार?"

"ती गिऱ्हाइकं बघतील. आपण विणकर!"