पाव फेरा

इंजिन पुन्हा अडलं. स्पिरिटचा दिवा जळत होता, हातभर लांबीचा पितळी बॉयलर फुसफुसत होता, पण चाकं हलेनात. शिवगंगाने बोटानं ढकललं. ते वीतभर गेलं आणि थांबलं.

या खेळण्यातल्या इंजिनाच्या सुट्या भागांचा खोका सर्वेशच्या मामानं हैदराबादहून आणला होता, दहावीच्या मार्कांबद्दल. वडिलांनी, शेषेरावांनी, तो इथल्या वरच्या फळीवर टाकला. "डॉक्टरकीला नंबर लागला की उघड." नंबर लागला नाही. सर्वेश दुसऱ्यांदा बारावीला बसत होता. त्याला रांधून घालायला शिवगंगा मुखेड सोडून लातूरच्या या पत्र्याच्या खोलीत आली, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. पोरगा क्लासला गेला की चार भिंती आणि ती. भूकंपात माहेरचं घर बसल्यापासून बंद खोलीत तिची छाती दडपायची. हात कामात असले की दडपण कमी व्हायचं. म्हणून तिने खोका उघडला. आतल्या कागदावरचं इंग्रजी कळेना, पण चित्रं कळली.

परीक्षेला वीस दिवस उरले होते. नंबर लागो न लागो, त्यानंतर खोली सोडायची, असं ठरलं होतं. मायलेक दोघंही दिवस मोजत होते.

ती इंजिनाकडं बघत राहिली. शिलाई मशीनचं चाकही दांडा टोकाला आला की असंच अडतं, मग हात द्यावा लागतो. इथं दोन्ही बाजूंचे दांडे एकदमच टोकाला जात होते. एक अडला तर दुसऱ्यानं ओढायला नको? तिने दिवा विझवला, इंजिन निवू दिलं, एका बाजूच्या चाकाचा स्क्रू सैल करून ते पाव फेरा पुढं सरकवलं. पुन्हा दिवा लावला.

इंजिन निघालं. गोल रुळांवर फेऱ्यांमागून फेऱ्या घेऊ लागलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती, तेवढ्यात दार ढकललं गेलं. शेषेराव न सांगता मुखेडहून आले होते. मागं क्लासहून आलेला सर्वेश.

"हे कुणी केलं?"

'तुला हितं खेळायला ठेवलंय का,' हे आता ऐकावं लागणार, तिला ठाऊक होतं. सर्वेशलाही ठाऊक होतं.

"मी केलं, दादा," तो झटकन म्हणाला.

शेषेराव खाली बसले. दोन फेऱ्या बघितल्या, चार बघितल्या. मग त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"आरं येड्या, तुझं डोकं तर हिकडं हाय! आन् मी तुला बेडकं कापायला लावलं."

"अवं, ते इंजिन..." शिवगंगा म्हणाली. तेवढ्यात तिला सर्वेशचा उजळलेला चेहरा दिसला. दहावीच्या निकालानंतर तो असा कधी दिसलाच नव्हता.

"काय म्हणत होतीस?"

"काय न्हाई. च्या टाकते."

शेषेराव उठून दारात गेले आणि घरमालकिणीला हाक मारली.

"गुणाबाई, खोली दुसऱ्या कुणाला बोलू नगा. पोराला गणित घेऊन पुन्हा अकरावीपासून बसवतो, इंजिनिअरिंगला. अजून दोन वर्षं धरा."