रानडुकराचं नाक

फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांतून गाईडमागे फिरताना सासूबाईंनी नाकावरची ओढणी एकदाही सोडली नव्हती. चर्चमधला बाक नको, तिथलं पाणी नको. त्यांच्या लेखी सगळंच विटाळलेलं.

बाजाराजवळ ब्राँझचं रानडुक्कर बसलं होतं. "याच्या नाकावर हात फिरवला, की माणूस पुन्हा या शहरात येतो," गाईड म्हणाली. जगभरच्या हातांनी ते नाक गुळगुळीत झालं होतं, वर तोंडातून गळणाऱ्या पाण्यानं बुळबुळीत. मला शिसारी आली. सासूबाई मात्र ओढणी खोचून पुढे घुसल्या.

"आई, डुक्कर आहे ते!"

"वराह म्हण. विष्णूचा अवतार आहे." त्यांनी दोन्ही हातांनी नाक चोळलं आणि हात डोळ्यांना लावले.

घरून निघताना आमच्या कामवाल्या शेवंताबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या होत्या. "लांबूनच गं, आंघोळ झालीय माझी," म्हणत सासूबाईंनी पाय मागे घेतले होते. शेवंताबाईंनी घासलेल्या ताटात मात्र रोज जेवतात.

हात न धुताच सासूबाईंनी पिशवीतला बेसनलाडू मोडला आणि अर्धा माझ्या तोंडाशी धरला.

मी मागे सरले.

"लांबूनच, आई. आंघोळ झालीय माझी."