कीड नाही

"सर, मशीन सगळ्यांपेक्षा हुशार झालं तं पयली नोकरी तुमचीच जाईन. मंग तुमी इतके खुश काहून आहा?"

पौर्णिमानं विचारलं आणि अख्खं सभागृह खिदळलं. शेजारच्या उज्मानं ओढणी तोंडात कोंबली. तिची दुसरी मैत्रीण खुशी, तिनं कपाळावर हात मारला, कारण ती पैज हरली होती. पाहुण्यांना हे विचारायची दहावी ब मधल्या एकाही पोरीची छाती नाही, असं तिचं म्हणणं होतं. आता कचोरी तिच्याकडून.

पाहुणे मात्र हसले. कुलदीप सर याच शाळेचे, अकोल्याच्या जठारपेठेत वाढलेले, आता पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या मागं बॅनर होतं, 'सिंग्युलॅरिटी : उद्याची पहाट'. तासभर ते एकच सांगत होते. लवकरच असं मशीन येणार की जगातली सगळी माणसं एकत्र केली तरी त्याच्या बुद्धीला पुरणार नाहीत. ते स्वतःच स्वतःला शहाणं करत जाईल. रोग जातील, काबाडकष्ट जातील. घाबरायचं कशाला?

"खुश का, ते दाखवतोच," ते म्हणाले.

पडद्यावर कपाशीचं पान आलं. पानावर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा. मशीननं त्याच्याभोवती चौकोन काढला आणि खाली अक्षरं उमटली : कीड नाही. फवारू नका.

"हा किडा पानांचा रस शोषणारा मावा खातो. शेतकऱ्याचा मित्र. आता गंमत ऐका. हे आम्ही मशीनला शिकवलंच नव्हतं! इथं अकोल्यातच काही बायका बसवून त्याला हजारो फोटो दाखवले. त्या बायकांना मित्र-शत्रू काय कळणार? म्हणून नियम सोपा ठेवला. पानावर पायवाला जीव दिसला की 'कीड' बटण दाबा. तरीही त्यानं मित्र ओळखला. आपला आपण! मुलांनो, यंत्राला दया सुचली. म्हणून मी खुश आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पौर्णिमाचे हात मांडीवरच राहिले.

त्या बायकांमध्ये तिची आई होती. दुकानावरची एक खोली, बारा कॉम्प्युटर, बारा बायका. आई कपाशीच्या वावरात लहानाची मोठी झालेली. तो लाल किडा दिसला की तिचं बोट 'कीड'वर जातच नसे. ती 'कीड नाही' दाबायची. सुपरवायझर मॅडम ओरडायच्या, "पाय आहेत ना त्याला? मग कीड!" आई म्हणायची, "मॅडम, तो मावा खाते. त्याले कीड म्हटलं तं लोकं फवारतीन ना त्याच्यावर."

दिवाळीच्या तोंडावर तिला काढून टाकलं. सगळ्यात जास्त चुका तिच्याच होत्या म्हणे. तेव्हापासून आई मोबाइलला हात लावतानाही कचरायची. "माह्या हातानं चुका होते व," म्हणायची. पौर्णिमाला कॉम्प्युटर शिकायचा होता, पण बाबांनी निकालच लावून टाकला. कॉम्प्युटर आपल्या घराचं काम नाही, अकरावीला आर्ट्स घे. पौर्णिमानं मुकाट्यानं मान डोलावली होती. आणि मैत्रिणींना सांगितलं होतं की आईनंच नोकरी सोडली.

तिला सरांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

ती परत उभी राहिली. या वेळी पैज नव्हती.

"सर, शिकवलं त्याले. माह्या आईनं शिकवलं. शकुन नाव आहे तिचं. तुमच्या त्या खोलीत ती एकटीच 'कीड नाही' दाबे. तुमी तिले काढलं, अन् तिनं केलेले फोटो मशीनमंदी तसेच ठेवले. नाही तं त्याले कुठून समजलं असतं?"

सर जरा गडबडले. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बेटा, ती चूक असती तर एवढ्या हुशार मशीननं स्वतःच दुरुस्त केली नसती का?"

"अन् चूक नसन, तं तिले काढलं काहून?"

"पौर्णिमा, खाली बस," मुख्याध्यापिका म्हणाल्या. ती बसली नाही. शेवटी सरांनीच लॅपटॉप मिटला.

फाटकाशी खुशीनं तिचा दंड धरला. "तू तं म्हनत होती, काकूनं सोडली नोकरी?"

"खोटं बोलली होती मी," पौर्णिमा म्हणाली आणि कचोरी न खाताच निघाली.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून ती जुन्या शहरातल्या घरी आली, तेव्हा बाबा ओट्यावर कूलरचे पत्रे ठोकत होते. उन्हाळ्याआधी त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते. आई आत तूर पाखडत होती. पौर्णिमानं दोघांना समोर बसवलं आणि दप्तरही न काढता सगळं एका दमात सांगितलं.

बाबांचा हातोडा हातातच राहिला. आईनं सूप खाली ठेवलं.

"मंग आता थे मशीन त्याले मारू नका म्हंते?"

"हो."

"माह्या दाबल्यानं?"

"तुह्याच."

आईनं पदरानं डोळे पुसले. बाबा म्हणाले, "बरं झालं ना मंग. मशीनले तं समजलं. आता तुले काहाले पायजे कॉम्प्युटर? थे आपलं आपण हुशार होऊनच राह्यलं."

"म्हनूनच पायजे, बाबा." पौर्णिमा उठून उभी राहिली. सभागृहात राहिली होती तशीच. "मी सायन्स घेऊन राहिली. पुढं कॉम्प्युटरच शिकन. थे मशीन किती हुशार व्हायचं तितकं होवो, मले भेव नाही. पन त्याच्यासमोर आईवानी चुका करनारं कोणी तरी बसलं पायजे. मी बसन."