दोन सेंटिमीटर

“ड्रेस अजून दोन सेंटिमीटर आवळ,” स्केटिंगची प्रशिक्षक मार्लोस दीड मीटरवरून म्हणाली.

चौदा वर्षांची मिनोरी दोन्ही हात वर करून, श्वास आत ओढून उभी होती. तिच्या कमरेभोवती मृदुलाने मापाची टेप धरली होती. निळ्या ड्रेसची चेन ओढून-ताणून कशीबशी लागली होती.

“तिची उंची वाढलीय,” मृदुला म्हणाली. “ड्रेस सैल करायला हवा.”

“ड्रेस मुलीच्या मापाचा करायचा नसतो. मुलीनं ड्रेसच्या मापात बसायचं असतं. घट्ट झाला की काय खायचं नाही ते तिला आपोआप कळेल. नोव्हेंबरपर्यंत यात बसली नाही, तर स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव गेलं.”

मृदुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठी आली शहाणी. वाढत्या पोरीला उपाशी ठेवायचं, आणि ते पाप म्हणे मी माझ्या मशीनवर शिवून द्यायचं. पण तोंडावर मास्क होता आणि मास्कच्या आत मिठाची गुळणी. ती “बरं” म्हणाली आणि ड्रेस घरी घेऊन आली.

करोनाने आइस रिंक पाच महिने बंद ठेवली होती. मिनोरी परत बर्फावर उभी राहिली ती पाच सेंटिमीटर उंच होऊन. पोरगी वयात आली की असंच होतं. कुठल्याही आईने हे प्रशिक्षक बाईंना दोन वाक्यांत सुनावलं असतं. पण मिनोरीची आई आजारी आजीपाशी नागोयाला अडकली होती. वडील पहाटेपासून लॅपटॉपवर जपानच्या मीटिंगा करत बसायचे. नीउ-व्हेनेप या डच गावात त्यांच्या भिंतीला भिंत लागून मृदुलाचं घर. मृदुला गावातल्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवायची. स्केटिंगचा ड्रेस तिने आयुष्यात पहिल्यांदा शिवला तो मिनोरीचा. नोव्हेंबरच्या स्पर्धेला जपानच्या ज्युनियर संघाची निवड करणारी माणसं येणार होती. त्या एका दिवसासाठी ही पोरगी पाच वर्षांची असल्यापासून पडत होती आणि उठत होती.

त्या संध्याकाळी मृदुलाने कुकर असा आदळला की तिचा नवरा नरेंद्र हेडफोन काढून स्वयंपाकघरात आला.

“भांडायचं तर त्या मार्लोसशी भांड की. कुकरने काय घोडं मारलंय?”

“भांडले तर ती राग पोरीवर काढेल. तुला काय कळतंय.”

मिनोरी रोजच्यासारखी मृदुलाकडे जेवायला टेबलाशी बसली होती. दुपारी काय खाल्लंस म्हणून विचारलं, तर म्हणाली सफरचंद. अर्धं. मृदुलाने तिच्यापुढे थालीपीठ ठेवलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि ड्रेस उलटा केला. ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा हात तो. आत दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं माया सोडलेलीच होती. तिने टीप उसवली, अर्धं बोट कापड मोकळं केलं आणि पुन्हा टीप मारली.

“आवळला म्हणून सांगायचं,” ती म्हणाली. मिनोरीने मान डोलावली आणि दुसरं थालीपीठ घेतलं.

मार्लोसला कळायचा मार्गच नव्हता. नियम दीड मीटरचा. प्रशिक्षकांनी मुलींना हात लावायचा नाही. माप घेणार मृदुला, आकडा सांगणार मृदुला, आणि वहीत लिहून घेणार मार्लोस. दर पंधरा दिवसांनी वहीत कमरेचा आकडा खाली जायचा आणि शिवण बाहेर सरकायची. चार वेळा सरकली. पोरगी पोटभर जेवायला लागली, तिच्या पायात जीव आला. सप्टेंबरात तिने डबल अ‍ॅक्सल, म्हणजे हवेत अडीच गिरक्यांची उडी मारली आणि न लडखडता उतरली. मार्लोसने टाळ्या वाजवल्या. मृदुलाने त्या रात्री नरेंद्रला ताठ मानेनं सांगितलं, “न भांडताही माणसाला वठणीवर आणता येतं.”

ऑक्टोबरात रिंकच्या काचेवर स्पर्धेची यादी लागली. पहिलंच नाव मिनोरीचं. मृदुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मार्लोस एक भली मोठी पिशवी घेऊन आली आणि ती बाकावर ठेवून दीड मीटर मागे सरकली.

“मृदुला, तुझे आभार. मला स्वतःलाही खात्री नव्हती, पण मिनोरीवर उपाय लागू पडला. कंबर कमी, उडी उंच. वहीत सगळं आहे. यात बाकीच्या सहा जणींचे ड्रेस आहेत. प्रत्येकीचा दोन-दोन सेंटिमीटर आवळ. सगळ्यात छोटा फ्लूरचा, तो तीन घे. नऊ वर्षांची आहे, लवकर सवय लागलेली बरी.”

मृदुला पिशवीकडे बघत राहिली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. हे आकडे तिनेच सांगितले होते, एकेक करून, पदरचे. त्या बाईच्या हातात पुरावा कुणी दिला? मीच दिला. भांडण टाळलं म्हणून स्वतःची पाठ थोपटत बसले, आणि आता सहा पोरींच्या पोटावर पाय येतोय. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. खरं सांगावं, तर काचेवरचं पहिलं नाव जाणार. गप्प बसावं, तर फ्लूर उद्यापासून अर्ध्या सफरचंदावर.

बाकावर बसून मिनोरी स्केटची नाडी बांधत होती. ती उठली. मार्लोससमोर नेहमी वाकवते तशी मान तिने आज वाकवली नाही.

“काकूंनी माझा ड्रेस एकदाही आवळला नाही, चार वेळा सैल केलाय,” ती म्हणाली. “माझं नाव खोड, पण ती पिशवी परत घेऊन जा.”