मास्तरांच्या दारातली मिरवणूक

मिरवणूक मास्तरांच्या दारासमोर थांबली आणि तिच्यामागे उन्नतीची रिक्षाही अडकली.

“पुढं घे ना रं!” कमळ ओरडली. रिक्षावाल्या इक्बालनं मान बाहेर काढून पाहिलं. पुढं डीजेची गाडी, गुलाल उधळणारा जेसीबी आणि दोनेकशे पोरं. मागं राहनाळच्या गोदामांकडं निघालेले कंटेनर. “काकू, आगे भी जाम, पीछे भी जाम. मास्तर बाहर नहीं आएंगे तब तक ये लोग हिलेंगे नहीं.” मागच्या सीटवर उन्नतीनं आईचा हात इतका घट्ट आवळला की कमळची बांगडी फुटली. लेकीचं पहिलंच बाळंतपण, आणि रक्त थांबत नव्हतं.

त्या भागात ही रीतच पडली होती. निवडून आलेल्याची मिरवणूक पडलेल्याच्या दारात थांबायची, तो बाहेर येऊन वाकायचा, डोक्यावर गुलाल घ्यायचा, मगच मिरवणूक पुढं जायची. सरपंचाच्या निवडणुकीतली ही खोड आता लोकसभेपर्यंत पोहोचली होती. केसरीनाथ मास्तरांनी मात्र शेवटच्या सभेत सांगून टाकलं होतं, पडलो तर घरी बसेन, पण यांचा गुलाल अंगाला लावून घेणार नाही. त्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मतं पडली नाहीत, ती गोष्ट वेगळी.

कमळ खाली उतरली. झेंडेवाल्या पोरांचे तिनं हात धरले. “पाच मिंटं, काकू,” म्हणत पोरं नाचत राहिली. हवालदारानं डीजेकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. तिचा जावई कुणाल याच गर्दीत कुठंतरी पुढं होता. त्याला तिनं नऊ वेळा फोन लावला, एकदाही उचलला नाही. शेवटी ती बोळातून मास्तरांच्या मागच्या दारी गेली.

काल ज्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं आज दोनच माणसं होती. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. एक मास्तर आणि दुसरा त्यांचा जुना विद्यार्थी जीवन. कमळनं थेट मास्तरांचे पाय धरले. “एकदाच बाहेर या, मास्तर. पोर अडलीय रिक्षात. मरंल माझी पोर.”

“तुझा जावय त्यांचा माणूस ना?” मास्तरांनी विचारलं.

“हाय. बाहेर नाचतोय.”

जीवन कडवट हसला. “बघा मास्तर. आता बाया पाठवायला लागलं.”

त्याचंही अगदीच चुकीचं नव्हतं. प्रचारात असाच कुणाचा तरी खोटा अपघात सांगून मास्तरांना लांब अंबाडी गावाला पळायला लावलं होतं आणि इकडं त्यांची सभा उधळून लावली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तर म्हणाले, “जीवन, तू बघून ये.”

“तू हितंच बस,” जीवननं कमळला बजावलं आणि तो गर्दीत घुसला. ती जमिनीवर बसून राहिली. बाहेर डीजेनं भिंती हादरत होत्या. तिला मास्तरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. या माणसाला तिच्या घरातून एक मतसुद्धा गेलं नव्हतं. कुठल्या तोंडानं ती त्याला घाई करणार होती?

जीवन परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “खरं हाय, मास्तर.”

मास्तर उठले. चपलाही घातल्या नाहीत. दार उघडून बाहेर गेले, हात जोडले आणि वाकले. जेसीबीनं सगळा गुलाल त्यांच्यावर ओतला. “वाकला रे वाकला!” पोरांनी शिट्ट्या मारल्या, सगळ्यांचे मोबाईल वर झाले. मास्तर तसेच वाकून उभे होते. मिरवणूक पुढं सरकली आणि इक्बालनं रिक्षा दामटली.

उन्नती वाचली. तिच्या पोटची मुलगी गेली.

पुढचे कित्येक दिवस तो व्हिडिओ भिवंडीभर फिरला. कुणी म्हणालं, सेटिंग झाली. कुणी म्हणालं, पुढचं तिकीट पक्कं केलं. शेवटी सगळे एका माळेचे मणी. जीवन घसा फोडून खरं सांगत होता, तर लोक म्हणाले, पडलेल्याला गोष्ट मात्र छान सुचली.

बाराव्या दिवशी मास्तर कमळच्या घरी आले. एकटेच, पायी. कुणाल भिंतीला टेकून बसला होता, तो उठून उभा राहिला. मास्तर बसले नाहीत.

“कमळ, एकच विचारायला आलो. मी जीवनला बघायला पाठवला, तो यायला दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांनी तर...”

“न्हाय मास्तर,” कमळ म्हणाली. “घरनं निघालो तवाच बाळाचं ठोकं बंद व्हतं. डॉक्टरच बोलले तसं. तुमी वाकलाव म्हणून माझी उन्नती तरी हाती लागली.”

मास्तर उभ्या उभ्याच रडले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून आले तसे निघून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर कुणाल हळूच म्हणाला, “आई, डॉक्टर तर वेगळंच बोलले ना. दहा मिनिटं आधी आणली असती तर पोरगी जगली असती.”

“म्हायती हाय,” कमळ म्हणाली. “त्या दहा मिनिटांत मास्तर माझं खरं का खोटं ते बघत व्हते, जावयबापू. तुमी नाचत व्हताव.”