यिर्मयाचं पत्र

मिल्का दहा वर्षांची असताना शत्रूने तिला आणि तिच्या यहुदी घरच्यांना यरुशलेमहून बाबेलला धरून नेलं. पाठोपाठ यरुशलेमहून यिर्मया संदेष्ट्याचं पत्र देवाचा निरोप घेऊन आलं, "सत्तर वर्षं परतणं नाही. तिथेच घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा."

"म्हातारा फितूर झालाय!" शेजारी चिडले. मिल्काच्या वडिलांनी मात्र कालव्याकाठी घर बांधलं, खजूर लावले.

म्हातारपणी तिच्या कानावर दवंडी आली. नव्या राजाने यहुद्यांना परत जायची मोकळीक दिली होती. तिने गाठोडं बांधलं.

"अक्कूब, पोरांना हाक मार! यिर्मयाचा शब्द खरा झाला रे!"

मुलगा जागचा हलला नाही. "आई, खजूर उतरवायला आलेत. सुनेचे दिवस भरत आलेत. आणि तिकडे आहे काय, पडक्या भिंती?"

"आपलं घर आहे."

"तुझं आहे, आई."

मिल्का एकटीच तांड्याबरोबर निघाली. चार महिन्यांनी यरुशलेमच्या विहिरीवर एका बाईने तिला पाणी पाजलं आणि सहज विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या?"

 

मिल्काच्या तोंडून निघून गेलं, "बाबेलची."