आधी निपाणी, मग वडगाव

पडद्यावर शर्विलनं बोट पुढं केलं, तोंड उघडलं आणि सोनाबाईच्या हातातला फोन बंद पडला.

"आता बोलणार हुता त्यो!" ती ओरडली. काळ्या काचेत तिला फक्त स्वतःचा चेहरा दिसला.

पलीकडच्या खोलीतला यंत्रमाग थांबवून तिचा नवरा जोतिराम दारात आला. "परत बॅटरी?"

तिनं फोन पदराला पुसून चार्जरला लावला.

फोनमध्ये नवं अपडेट आल्यापासून हेच चाललं होतं. दुपारी बॅटरी निम्मी, दिवे लागायच्या वेळेला संपत आलेली. चार्जर लावून बोलावं तर फोन तव्यासारखा तापायचा आणि चित्र जागच्या जागी गोठायचं. जोतिरामचा फोन बटणांचा. त्यात नातू दिसत नव्हता.

लेक सौम्या आणि जावई कुमार मस्कतला होते. शर्विल जन्मला तो इथं वडगावात, आणि पाच महिन्यांचा असताना विमानात बसून गेला. आता दीड वर्षाचा होत आला होता. रोज संध्याकाळी सौम्या आधी निपाणीला सासूला, जयाबाईंना, फोन लावायची. त्यांना ती आत्या म्हणायची. मग वडगावला. निपाणीचं बोलणं होईपर्यंत वडगावची बॅटरी जेमतेम उरलेली असायची.

एवढंही सोनाबाईनं सोसलं असतं. जयाबाईंचं स्टेटस तिला सोसत नव्हतं. शर्विल हसतोय, शर्विल टाळ्या वाजवतोय, आणि वर कोपऱ्यातल्या चौकोनात जयाबाईंचा चष्मा. सकाळी फोन चार्ज झाला की ती पहिल्यांदा तेच उघडायची. बघायचं नाही असं ठरवून बघायची. मग हातमागावर बसली की फणी अशी आपटायची की जोतिराम विचारायचा, "साडी इणतीस का कुटतीस?"

"मास्तरीण हुती ती," सोनाबाई एकदा म्हणाली. "रोज पढवत आसंल त्याला, मीच तुजी आज्जी म्हणून. पोरगं हितं आलं की मला बघून रडणार आणि तिच्या मांडीवर जाऊन बसणार. बघा तुमी."

"तीबी आज्जीच हाय की गं त्याची."

"आंघोळी कुणी घातल्या?"

जोतिराम माग चालू करायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जयाबाईंचाच फोन आला. "विहीणबाई, सौम्या सांगत होती, तुमचा फोन टिकत नाही. अपडेट झाल्यावर माझ्याही फोनचं तसंच झालेलं. सोपं आहे. मी सांगते तसं करा. आधी सेटिंगमध्ये जावा..."

"आमचा फोन चांगला हाय," सोनाबाई म्हणाली. "आमास्नीच येळ नसतो. साडी पुरी करायची असती."

"बरं," जयाबाई म्हणाल्या. "पण कधी लागलं तर विचारा."

फोन ठेवल्यावर सोनाबाईला बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. चहा तसाच ठेवून तिनं चप्पल घातली आणि शेजारच्या शहापूरला मोबाईलचं दुकान गाठलं. निपाणीच्या बाईकडून शिकायचं नव्हतं, एवढंच.

दुकानदार नागेंद्रनं फोन खालवर करून पाहिला. "बॅटरी चांगली हाय, आक्का. अपडेट झाल्यापास्नं ॲप सगळी मागं चालूच ऱ्हायलीत." त्यानं एकेक बंद केलं. लोकेशन बंद केलं. दिवसभर आपोआप इंटरनेटवर चढणारे फोटो थांबवले, काचेचा उजेड कमी केला, नंतर आलेलं एक छोटं अपडेट घालून फोन बंद करून पुन्हा चालू केला. "आता बघा कसा चालतोय."

फोन चालला. त्या संध्याकाळी निम्म्याच्या वर बॅटरी शिल्लक होती. सोनाबाईनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली, उजेड तोंडावर येईल अशी बसली, आणि सौम्याच्या फोनची वाट न बघता स्वतःच फोन लावला.

"आई? आत्ता कशी काय तू? आत्यांना लावायचाय अजून."

"ऱ्हाऊ दे. आज आधी मी."

सौम्यानं फोन शर्विलसमोर धरला. तो तोंड फिरवणार, आईच्या कुशीत लपणार, याची तिनं मनाची तयारी केली होती.

शर्विलनं हातातली गाडी टाकली आणि दोन्ही हात वर केले. "आज्जी! वलगाव आज्जी!"

सोनाबाई काचेजवळ सरकली. "ह्याला... ह्याला कुणी शिकिवलं?"

"आत्यांनी." सौम्या हसत होती. "तू धड दिसायची बंद झालीस तसं त्या रोज आधी तुझा फोटो धरतात फोनसमोर. बारशातला. ही वडगावची आज्जी, हिनं तुला न्हाऊ घातलं, म्हणून सांगतात आणि चारचारदा म्हणून घेतात त्याच्याकडनं. म्हणतात, पोर विसरलं तर विहीणबाईंच्या जिवाला लागंल."

मधेच दुसऱ्या फोनची टूं टूं ऐकू आली. "बघ, आलाच त्यांचा," सौम्या म्हणाली. "काय करू?"

सोनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "घे त्यांचा. मी थांबते, बॅटरी हाय माज्याकडं." मग घाईनं म्हणाली, "आणि गं, त्यास्नी काय म्हणतो त्यो?"

फोनवर गेलेलं सौम्याचं बोट थांबलं.

"त्यांना अजून कायच म्हणत न्हाय, आई. नुसता हसतो."